रॉबिन हूडचा हिरवा रंग अजून उडाला कसा नाही

मागच्या रविवारी भाचा आला होता घरी, नववीत आहे, त्याला म्हटलं चल तुला एक जुना तलवारबाजीचा पिक्चर दाखवतो. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड', वॉर्नर ब्रदर्सचा, १९३८ चा, एरल फ्लिन आणि ऑलिव्हिया डी हॅविलंड. सुरुवातीला साहेबांचा एक डोळा मोबाइलवर. मग फ्लिन मारलेलं हरीण खांद्यावर टाकून थेट शत्रूच्या भरल्या पंगतीत घुसतो ना, तिथे मोबाइल जो पालथा पडला तो शेवटपर्यंत पालथाच. आणि पिक्चर संपल्या संपल्या प्रश्न, "मामा, हा आधी ब्लॅक अँड व्हाइट असणार, नंतर कॉम्प्युटरवर रंगवलाय ना?"

मी जोरात नाही म्हणालो आणि मग अडकलो, कारण त्याचं अर्धं बरोबरच होतं. शूटिंग झालं ते ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर. रंग नंतर छापला. छापला म्हणजे अक्षरशः छापला, लग्नपत्रिका छापतात तसा.

आता हे मला पटकन का कळलं तर आमच्या वडिलांचा छोटा ऑफसेट प्रेस होता. लहानपणी मे महिन्यात तिथे बसायचो आणि भिंगातून छापलेले गणपती बघायचो. नुसत्या डोळ्यांना गणपतीचं पितांबर छान केशरी दिसतं, भिंग लावलं की केशरी कुठेच नाही, नुसते पिवळे आणि गुलाबीसर मजेंटा ठिपके. सायन, मजेंटा, यलो आणि ब्लॅक, चार रंगांच्या चार प्लेटा, एकावर एक बसल्या की झालं काम. त्यातली एक केसभर जरी सरकली तरी गणपतीच्या ओठांना दोन-दोन कडा यायच्या आणि वडील मशीनमनवर ओरडायचे, "अरे रजिस्टर सुटलंय, थांबव मशीन!"

टेक्निकलर, म्हणजे हा पिक्चर ज्या रंगपद्धतीने काढला ती, हाच धंदा, फक्त कागदाऐवजी फिल्मवर. रॉबिन हूड ज्या कॅमेऱ्यातून काढला त्यात एक नाही, तीन फिल्म एकाच वेळी पळायच्या. लेन्सच्या मागे काचेचा एक ठोकळा, दोन प्रिझम चिकटवून केलेला, मधे अर्धवट आरसा. आलेला थोडा प्रकाश सरळ जायचा, हिरव्या फिल्टरमधून, एका फिल्मवर. उरलेला काटकोनात वळायचा आणि पोटाला पोट लावून पळणाऱ्या दोन फिल्मवर पडायचा, त्यातली पुढची निळा प्रकाश टिपायची आणि तिच्या अंगावरचा तांबडा रंग निळ्याला तिथेच अडवायचा, त्यामुळे मागच्या फिल्मला फक्त लाल मिळायचा. तिन्ही फिल्म ब्लॅक अँड व्हाइट, तिघींवर तेच दृश्य, फक्त करड्याच्या छटा वेगवेगळ्या. फ्लिनचा हिरवा अंगरखा हिरव्याच्या फिल्मवर उजळ नोंदवला जायचा आणि लालच्या फिल्मवर अंधारा. बास, रंगाची माहिती म्हणजे एवढंच.

आयडिया तशी जुनी. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने (हो, तोच, विद्युतचुंबकीय समीकरणंवाला) चौकटीच्या कापडाची एक रिबन लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीनदा फोटो काढून घेऊन, मग तीन कंदिलांनी पडद्यावर एकावर एक टाकून दाखवली होती. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात, तेव्हा तीन नोंदी पुरतात, हे त्याला दाखवायचं होतं. गंमत म्हणजे त्या काळच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नव्हता! मग लालची प्लेट उमटली कशी? शंभर वर्षांनी तपासल्यावर कळलं की रिबनचा लाल भाग अतिनील किरणही परतवत होता आणि प्लेटने ते पकडले होते. प्रयोग चुकीच्या कारणाने बरोबर आला. असं प्रेसमध्येही व्हायचं, पण ते सांगत बसलो तर पिक्चर राहील.

तर तीन निगेटिव्ह तयार झाल्या. पुढे प्रत्येकीपासून जिलेटिनचा एक ठसा करायचे, जिथे रंग जास्त हवा तिथे जिलेटिन जाड, जिथे कमी तिथे पातळ. लालच्या नोंदीचा ठसा सायन रंगात भिजवायचा, हिरव्याचा मजेंटात, निळ्याचा पिवळ्यात, आणि एकेक करून कोऱ्या फिल्मवर दाबायचा. आणि कोरी म्हणजे तरी कुठे कोरी, त्या सुरुवातीच्या वर्षांत त्या फिल्मवर आधीच एक फिकट काळी छबी छापलेली असायची, कॉन्ट्रास्टसाठी. म्हणजे सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक. चार कलर! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मग त्यांचंही रजिस्टर सुटत असेल की." सुटायचं ना, आणि भारी सुटायचं. फिल्म वर्षानुवर्षं ठेवली की आकसते आणि तिघी बहिणी तीन तऱ्हेने आकसतात. मग कितीही जपून छापा, कडांना रंगीत झालर येणारच.

पण याच भानगडीमुळे पिक्चर वाचलाय. १९५० मध्ये ईस्टमन कलर आली, एकाच फिल्मवर तीन थर, रंग आतच, साधा कॅमेरा चालतो, स्वस्त, सगळी इंडस्ट्री तिकडे गेली. पण ते रंग म्हणजे सेंद्रिय डाय, ते हळूहळू मरतात, आणि बहुतेक वेळा सायन आधी मरतो. म्हणून तर थिएटरात किंवा टीव्हीवर काही जुन्या प्रिंट गुलाबी-गुलाबी दिसायच्या, घरातल्या जुन्या अल्बममधल्या मुंजीच्या फोटोतही सगळे भटजी लालबुंद. टेक्निकलरच्या निगेटिव्हमध्ये मात्र मरायला रंगच नव्हता, होती ती चांदी, आणि नीट धुतलेली, नीट ठेवलेली चांदीची छबी सहसा उडत नाही. पुढे वॉर्नरवाल्यांनी तिन्ही फिल्म वेगवेगळ्या स्कॅन केल्या, कॉम्प्युटरने ताणून-दाबून एकमेकींवर अचूक बसवल्या आणि २००३ मध्ये नवी डीव्हीडी काढली. रजिस्टर जमलं. भाच्याला जो 'कॉम्प्युटरवर रंगवल्याचा' वास आला तो इथला, पण रंग १९३७ च्या शूटिंगमधलाच आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याशीही एक नातं आहे याचं. तीनपैकी हिरव्याची फिल्म एकटी का पळवली? कारण मागची लालची फिल्म पुढच्या फिल्ममधून गाळून आलेला प्रकाश घ्यायची, थोडी पुसट यायची. आणि बारकावे बघताना आपला डोळा सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो ती हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर. हिरवी छबी धारदार असली की लाल थोडी मऊ असलेली कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या मोबाइलच्या सेन्सरमध्येही बहुतेक वेळा दर चार खाचांपैकी दोन हिरव्या असतात, एक लाल, एक निळी.

आपल्याकडेही रंगाचा नाद तेव्हाच लागला होता बरं का. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायला घेतला, व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन, प्रिंट जर्मनीत काढून आणल्या, पण रंग काही मनासारखे आले नाहीत. आणि एक दुखरी गोष्ट. त्या काळातली फिल्म नायट्रेटची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, बंदुकीच्या दारूतला भाऊबंद. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असतो म्हणून एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वेळच्या कितीतरी गोष्टी गेल्या. ज्या वर्षी तिकडे रॉबिन हूड नव्याने लख्ख झाला, त्याच वर्षी.

असो. भाचा काही नुसत्या रंगांनी जागेवर बसला नव्हता, त्याला आवडली ती फायटिंग. अशा पिक्चरना इंग्रजीत स्वॅशबकलर म्हणतात, बकलर म्हणजे छोटी ढाल आणि स्वॅश म्हणजे तिच्यावर तलवार आपटल्याचा आवाज, थोडक्यात खणखणाट करत हिंडणारा शायनर माणूस.

आता खरी तलवारबाजी टीव्हीवर बघितलीय कधी ऑलिम्पिकमध्ये? काही कळत नाही. दोघं उड्या मारतात, दिवा लागतो, एक जण ओरडतो, संपलं. एपे प्रकारात दोघांचे वार साधारण ४० मिलिसेकंदांच्या आत लागले तर दोघांनाही गुण देतात, आणि ते मोजायला मशीन लागतं. पिक्चर पळतो सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंद. म्हणजे खऱ्या खेळात ज्याच्यावरून निकाल लागतो तेवढा सगळा फरक इथे एका फ्रेममध्ये गडप! आणि आपल्याला काही दिसून त्यावर हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात सहा फ्रेम गेल्या.

म्हणून या पिक्चरचा तलवार-उस्ताद फ्रेड कॅव्हन्स, मूळचा बेल्जियमचा, त्याचं सांगणं असं की पडद्यावरचा वार आधी जाहीर झाला पाहिजे, प्रेक्षकाला कळलं पाहिजे काय येतंय. खरा तलवारबाज जी गोष्ट लपवायला वर्षं घालवतो तीच इथे मोठी करून दाखवायची. हात खांद्यापासून फिरतो, तलवार डोक्यामागून येते, आपला मेंदू तोपर्यंत अंदाज बांधून मोकळा झालेला असतो की आता खाली बसणार, आणि तो बसतो, तलवार वरून जाते, मेणबत्त्यांचा अख्खा स्टँड कोसळतो. अंदाज बांधायचा आणि तो बरोबर यायचा, यात एक सुख असतं. (खलनायक झालेला बॅसिल रॅथबोन खऱ्या आयुष्यात चांगला तलवारबाज होता, आणि पडद्यावर बिचाऱ्याला बहुतेक वेळा हरावं लागायचं.)

आणि तो सावल्यांचा शॉट! दोघं लढत लढत गोल जिन्यावरून खाली येतात, कॅमेऱ्याच्या बाहेर जातात आणि कॅमेरा त्यांच्यामागे जातच नाही, समोरच्या जाडजूड खांबावर त्यांच्या अवाढव्य सावल्या लढत राहतात. चेहरे नाहीत, रंग नाही, रंगासाठी एवढा खर्च केला आणि ऐन मोक्याला फक्त काळं आणि करडं. तरी एक क्षणही गोंधळ होत नाही कोण काय करतंय याचा. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून अंधारात त्याला चालवलं आणि बघणाऱ्यांना फक्त ते ठिपके दाखवले. ठिपके स्थिर असताना कोणाला काही कळेना, हलायला लागले की क्षणार्धात लोक सांगायचे, माणूस आहे, चालतोय. हालचालीवरून माणूस ओळखायची सोय आपल्यात इतकी पक्की आहे की सावली म्हणजे तिच्यासाठी चैन आहे. आणि सावली मोठी झाली की मेंदू माणूस दिव्याजवळ सरकला असं आपोआप धरतो, त्यामुळे खांबावरच्या सपाट सावलीतसुद्धा खोली तयार होते. मी हा तुकडा किती वेळा मागे घेऊन पाहिलाय सांगायची लाज वाटते.

बाणांचं थोडक्यात सांगतो. हॉवर्ड हिल नावाचा खराखुरा तिरंदाज होता, आणि स्टंटवाल्यांना खरेच बाण मारायचे, आत पोलादी पत्रा आणि त्यावर बाल्सा लाकूड बांधून. ४० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटरने आला तर ऊर्जा ५० ज्यूल, म्हणजे एक किलो साखरेची पिशवी पाच मीटरवरून छातीवर पडावी तेवढी, फक्त टोक टाचणीएवढं. पत्रा तो मार पसरवतो, लाकूड टोक धरून ठेवतं. दर बाणाला १५० डॉलर मिळायचे म्हणतात. मला १५०० दिले तरी नको. आणि तो प्रसिद्ध बाणावर बाण मारून चिरायचा प्रकार, तो साध्या लाकडी बाणाने होत नाही, कारण लाकडाचे तंतू टोकापर्यंत सरळ जात नाहीत, चीर तंतूंच्या मागे जाते आणि मधेच बाजूने बाहेर पडते. बांबू मात्र कोयत्याच्या एका फटक्यात पेरामागून पेर फाटत जातो, गावाकडे पाहिलंच असेल.

संगीत एरिक कोर्नगोल्डचं. व्हिएन्नाचा ज्यू माणूस, या कामासाठी १९३८ च्या सुरुवातीला अमेरिकेत आला आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या पिक्चरने माझा जीव वाचवला असं तो पुढे म्हणायचा. ऑस्करही मिळालं. त्याची पद्धत ऑपेराची, प्रत्येकाला आपली एक धून. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आवडत्या संगीताने अंगावर काटा येणाऱ्या लोकांचे मेंदू तपासले तेव्हा दिसलं की डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, काट्याच्या क्षणी तर वाढतंच, पण त्याच्या आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, आता ते येणार म्हणून वाट बघतानाच वाढायला लागतं. म्हणून मला विसाव्यांदा जास्त मजा येते, शेवट पाठ असूनही.

एवढं सगळं भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, पण टीव्हीवर कुठे छापलंय?" बरोबर आहे. मोबाइलवर तोच पिक्चर लावला, फ्लिनवर थांबवला आणि बोटाने पाण्याचा एक बारीक थेंब स्क्रीनवर ठेवला. थेंबाचं भिंग होतं. त्याने डोळा अगदी जवळ नेला, थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "अरे, हिरव्यात लालपण आहे!"