कुरवांची शेपटी मोजा

थंडी पडली की ‘सायबेरियाचे परदेशी पाहुणे दाखल’ ही बातमी येते, सोबत जेट्टीवर गाठियांसाठी झेपावणाऱ्या सीगलचा फोटो. सीगल म्हणजे आपले कुरव. मुंबईच्या किनाऱ्यावर आणि ठाणे खाडीत येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतो. लडाख परदेश नव्हे.

फोटोतली गर्दी बघून ‘यंदा पक्षी वाढले’ म्हणणे तर त्याहून चुकीचे. खाणे फेकले की आसपासचे कुरव तिथे गोळा होतात. ओहोटीला तेच खाडीभर चिखलावर पांगतात. 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्या आकड्यांना म्हणूनच मोल आहे.

पण एकूण आकडाही अर्धेच सांगतो. बाकीचे शेपटी सांगते. उन्हाळ्यात जन्मलेले पिल्लू इथे येईपर्यंत अंगावरची पिसे बदलते. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे नव्याने घडवायला प्रथिने फार लागतात, म्हणून ती पहिला हिवाळाभर तशीच राहतात. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यातल्या कुरवाच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसते आणि पंखांवर तपकिरी डाग. पुढच्या उन्हाळ्यात ही पिसे गळतात, शेपटी शुभ्र होते. डोक्याच्या रंगावर जाऊ नका, हिवाळ्यात प्रौढांचेही डोके पांढरे होऊन कानाजवळ गडद ठिपका तेवढा उरतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिकट असतो, पिल्लाचा गडद.

म्हणजे थव्यातले पट्टीवाले मोजले की गेल्या विणीचा निकाल हाती येतो. हे महत्त्वाचे, कारण कुरव दीर्घायुषी आहेत; ओळखीसाठी पायात कडी घातलेले काळ्या डोक्याचे (ही जवळचीच दुसरी जात) काही कुरव 20 वर्षांहून अधिक जगले आहेत. एखादी वीण फसली तरी प्रौढ येतच राहतात, गणतीचा आकडा लगेच फारसा हलत नाही. पट्टीवाले मात्र पहिल्याच हिवाळ्यात कमी दिसतात.

कुरवांना गाठिया घातल्याने ग्रहपीडा टळते, असे सांगणारे किनाऱ्यावर भेटतात. याला काडीचा आधार नाही. मासे, किडे, चिखलातले जीव खाणाऱ्या पक्ष्याला तळलेले खारट बेसन हे अन्नच नव्हे. त्यापेक्षा उडत्या थव्याचे, शेपट्या उघड्या दिसतील असे फोटो काढा. एकाच जेट्टीवरचे नकोत, कारण पिल्ले आणि प्रौढ सगळीकडे सारख्या प्रमाणात मिसळलेले असतीलच असे नाही. खाडीचे मुख, मासळी उतरवायचे बंदर, मिठागरे अशा तीन-चार जागा धरा आणि दर जानेवारीत त्याच ठेवा.