अक्षराला दीडपट मानवत नाही

जुन्या संगणकासारखा पडदा हवा म्हणून काळ्यावर हिरवी अक्षरं घेतली, फॉन्टही झकास मिळाला. मग वाचायला सोपं जावं म्हणून आकार जरासा वाढवला आणि सगळी रया गेली. अशा वेळी फॉन्टला बोल लावू नये. चुकलेला असतो तो गुणक, म्हणजे आकार किती पट केला तो आकडा.

आजच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांनी साठवतात, ती हवी तेवढी ताणा. जुन्या संगणकांच्या बिटमॅप फॉन्टमध्ये रेषा नसतेच. असते नुसती जाळी, जिचं प्रत्येक घर, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका किंवा पिक्सेल, भरलेलं किंवा रिकामं. ८ × ८ घरांचं अक्षर ८ बाइटमध्ये बसतं आणि २५६ चिन्हांचा अख्खा संच २ किलोबाइटमध्ये. (देवनागरीला मात्र आठ ओळी अपुऱ्याच. वर वेलांटी, खाली उकार, मग मुळाक्षराला उरतं काय?)

आता इंग्रजीतला छोटा ‘एम’ घ्या. त्याचे तीन पाय पहिल्या, चौथ्या आणि सातव्या रकान्यात, प्रत्येकी एक पिक्सेल जाड. तो दीडपट करा. अर्धा पिक्सेल उजळता येत नाही, म्हणून संगणक एकाआड एक रकाना दुप्पट करतो: पहिला दोन, दुसरा एक, तिसरा दोन, चौथा एक. परिणामी कडेचे पाय जाडजूड आणि मधला काडीसारखा. करड्या छटा मिसळून हे झाकता येतं, पण मग कडा धुरकटतात. त्यापेक्षा दुप्पट किंवा तिप्पट करावं आणि उरलेली जागा खुशाल काळी ठेवावी.

आणखी एक गोम आहे. १९८७ च्या व्हीजीएचा (आयबीएमच्या संगणकांवरची पडद्याची पद्धत) मजकूर ७२० × ४०० पिक्सेलचा, पण पडदा ४:३. म्हणजे तिथला पिक्सेल रुंदीच्या १.३५ पट उंच होता. आजच्या चौरस पिक्सेलवर तेच अक्षर बुटकं दिसतं. आडवं तिप्पट, उभं चौपट केलं तर चित्र २१६० × १६०० होतं, जवळजवळ ४:३. फोरके (३८४० × २१६०) पडद्यावर ते सहज मावतं. १०८० ओळींचाच पडदा असेल तर ३२० × २०० पिक्सेलचा जुना पडदा-प्रकार (मोड), ८ × ८ च्या फॉन्टसह, आडवा ४ पट आणि उभा ५ पट घ्यावा. प्रमाण थोडं हुकतं, डोळ्याला कळत नाही.

फॉन्ट निवडताना मी आधी चौकटी आखायची चिन्हं तपासतो. व्हीजीएचं अक्षर आठ रकान्यांचं, पण त्याला जागा नऊची. नववा रकाना एरवी कोरा. या चिन्हांसाठी मात्र आठव्याचीच नक्कल तिथे उमटायची, म्हणून आडवी रेघ सलग दिसे. नकली फॉन्टमध्ये ती दर नवव्या पिक्सेलला तुटते.