गिग्जने इंग्लंडला लाथ मारली? नाही ओ!

काल बालेवाडीत खेळून झाल्यावर अमृततुल्यवर मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या फुटबॉलपटूबद्दल परत तेच, "रायन गिग्ज इंग्लंडकडून खेळू शकला असता पण त्याने वेल्स निवडलं", आणि पुरावा म्हणून मोबाईलवर इंग्लंड स्कूलबॉइजच्या (शाळकरी पोरांच्या टीमच्या) जर्सीतला त्याचा फोटो, चहाच्या थेंबासकट 😄

फोटो खरा आहे, १९८९ मध्ये तो त्या टीमचा कॅप्टन होता, तेव्हा आडनाव विल्सन, गिग्ज हे आईचं. पण स्कूलबॉइज टीमला शाळा इंग्लंडमध्ये असली की झालं! पोरगा जन्मला वेल्समधल्या कार्डिफमध्ये, वडील रग्बी खेळायला मँचेस्टरकडे आले म्हणून शाळा तिकडची. सीनियर टीमला मात्र जन्म नाहीतर आईवडील-आजीआजोबा बघायचे, आणि त्यातलं कुणीच इंग्लंडमध्ये जन्मलेलं नव्हतं. म्हणजे निवड वगैरे काही नव्हतीच, तो स्वतःही हेच सांगत आलाय.

शिक्षणाचा नियम आला २००९ ला, १८ च्या आत पाच वर्षं तिथे शिकला तर चालेल असा, पण हा तर २००७ लाच वेल्सकडून ६४ मॅच खेळून थांबला होता (युनायटेडकडून ९६३, ते वेगळंच). एवढं सांगितलं तर आमचा मित्र म्हणतो, "बरं, पण मनातून त्याला इंग्लंडच हवं असेल ना?" आता काय बोलणार, बिल त्याच्याच नावावर टाकलं.