सर्व्हर पडला, हे कोणी ठरवायचं?

३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि तो आकडा देशभर फिरला. पृथ्वीवरचं आजवरचं मान्य उच्चांकी तापमान ५६.७ अंश आहे, १० जुलै १९१३ चं, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतलं. त्याच दिवशी नागपुरातल्याच दुसऱ्या केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. सेन्सर बिघडला होता, असं हवामान विभागाने पुढे स्पष्ट केलं.

मी सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे ती बातमी वाचताना मला आमचंच रोजचं दुखणं दिसलं. यंत्राने एकदा एक आकडा दिला. तो खरा का, हे विचारण्याआधीच पुढचं सगळं घडून गेलं.

हे सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरला विचारत असतं: वेबसाइट उघडते का, डिस्कवर जागा किती उरली, तापमान किती. नागिऑस हे यातलं जुनं नाव. इथन गॅलस्टॅड यांनी ते १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आणलं. विचारणा करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, चारपैकी एक अंक परत देतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे माहीत नाही. हा ३ मला फार मोलाचा वाटतो. सेन्सरच बिघडला असेल तर ‘गंभीर’ म्हणणं चूक आणि ‘ठीक’ म्हणणंही चूक. त्या दिवशीच्या ५६ चं खरं उत्तर ३ होतं. नवीन मुलं प्लगइन लिहिताना नेमका हाच अंक विसरतात.

उत्तर बिघडलं की एखादी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी यादी, आपोआप चालवता येते. तिला इव्हेंट हँडलर म्हणतात. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणं, जुन्या लॉग, म्हणजे नोंदींच्या, फाइली हटवून डिस्क मोकळी करणं, असली कामं तिने करावीत, त्यासाठी रात्री तीनला माणूस उठवू नये. अशी स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींची असते, कॉलेजातली मुलगीही लिहील. कस लागतो तो ती कधी चालवायची नाही हे ठरवताना.

नागिऑस पहिल्याच वाईट उत्तरावर विश्वास ठेवत नाही. समजा, आपण चार प्रयत्नांची मर्यादा घातली. एरवी विचारणा दर पाच मिनिटांनी होते, पण एकदा वाईट उत्तर आलं की दर मिनिटाला होऊ लागते. पहिल्या तीन वेळा अवस्था ‘सॉफ्ट’, म्हणजे कच्ची. चौथ्यांदाही तेच उत्तर आलं तर ‘हार्ड’, म्हणजे पक्की. माणसाला निरोप जातो तो पक्की झाल्यावरच. हँडलरला मात्र कच्च्या अवस्थेतही हाक मारली जाते, आणि त्याच्या हातात तीन गोष्टी देता येतात: उत्तर कोणतं, अवस्था कच्ची की पक्की, आणि प्रयत्न कितवा. म्हणून स्क्रिप्टच्या आरंभीच लिहायचं की पहिल्या दोन प्रयत्नांत कशालाही हात लावू नकोस, तिसऱ्याला सेवा पुन्हा सुरू कर. साधलं तर चौथ्या विचारणेला ० येतो आणि कोणाची झोप मोडत नाही. नाही साधलं तर मिनिटाभरात फोन वाजतो.

ही शिस्त पाळूनही मी एकदा तोंडघशी पडलो. तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो. एका ग्राहकाची वेबसेवा रात्रभर पडत होती. दर वेळी तिसऱ्या प्रयत्नाला स्क्रिप्ट चाले, सेवा उठे, चौथ्या विचारणेला ० येई. अवस्था पक्की कधी झालीच नाही, म्हणून निरोपही कधी गेला नाही. सकाळी लॉग उघडला तर रात्रीत ३९ रिस्टार्ट. सेवा प्रत्येक वेळी मरताना मेमरीची प्रत डिस्कवर टाकत होती. पहाटे डिस्क भरली आणि डेटाबेसच थांबला. ग्राहकाचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. माझ्या स्क्रिप्टने दुखणं बरं केलं नव्हतं, ते रात्रभर झाकून ठेवलं होतं.

सारखं बदलत राहणारं उत्तर ओळखण्याची नागिऑसची रीत मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत देखणी वाटते. नागिऑस प्रत्येक सेवेची शेवटची २१ उत्तरं जपून ठेवतं. २१ उत्तरांमध्ये सांधे २०. किती सांध्यांवर उत्तर बदललं ते मोजायचं. सात ठिकाणी बदललं तर ७ भागिले २०, म्हणजे ३५ टक्के. ताज्या बदलांना जुन्यांपेक्षा जास्त वजन असतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडेतिकडे होतो. सोबत येणाऱ्या नमुना सेटिंगमध्ये हा आकडा २० टक्क्यांच्या वर गेला की सेवा ‘फडफडते आहे’ असं धरलं जातं. आणि तो ५ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत ती शांत झाली असं मानलं जात नाही.

दोन सीमा कशाला? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी अर्ध्यावर आलं की मोटर चालू आणि अर्ध्याच्या वर गेलं की बंद, असं एकाच खुणेवर ठेवलं, तर एक बादली काढली की मोटर चालू, भरली की लगेच बंद. दिवसभर तेच, आणि महिन्याभरात मोटर जळेल. म्हणून खालच्या खुणेवर चालू, वरच्या खुणेवर बंद. दोन खुणांच्या मधे पाणी असेल तेव्हा मोटर चालू की बंद, हे नुसत्या पातळीवरून सांगताच येत नाही. पाणी कुठून तिथवर आलं ते माहीत असावं लागतं. हा गुण म्हणजे हिस्टेरेसिस. जेम्स ईविंग यांनी हा शब्द एकोणिसाव्या शतकात चुंबकत्वासाठी घडवला. पुढे १९३४ मध्ये ओटो श्मिट या विद्यार्थ्याने स्क्विड या समुद्री जीवाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना हाच गुण असलेलं विद्युत मंडल बनवलं. आज ‘श्मिट ट्रिगर’ असंख्य चिपांमध्ये बसलेला असतो.

त्या रात्रीनंतर माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये मोजणी असते. एका तासात तीनदा रिस्टार्ट झाला की चौथ्यांदा स्क्रिप्ट काहीही करत नाही, थेट फोन लावते. ती चालू होताच स्वतःसाठी एक लॉक फाइल धरते, म्हणजे तिच्याच दोन प्रती एकमेकींच्या पायात येत नाहीत. आणि तिला सगळ्या सर्व्हरची मालकी द्यायची नाही, सूडोच्या, म्हणजे कोणाला कोणती आज्ञा मालकाच्या हक्काने चालवता येईल त्या, यादीत फक्त तिची एक आज्ञा लिहायची.

सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. ‘रिस्टार्ट मारा, बरं होतं’ ही समजूतही त्याच जातीची आहे. कारण न शोधता एक कृती करायची, पुढे जे चांगलं घडेल त्याचं श्रेय तिला द्यायचं. सगळं आपोआप दुरुस्त करणारं एआय विकायला येणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तुमचं यंत्र थांबतं कधी? याचं सरळ उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आमच्या आताच्या ऑफिसात सर्व्हर यूपीएसवर आहेत, एसी मात्र यूपीएसवर नाही. मे महिन्यात दुपारी लाईन गेली की सर्व्हर चालूच राहतात आणि खोली तापत जाते. तिथे आम्ही झॅबिक्स हे नागिऑससारखंच दुसरं सॉफ्टवेअर लावलं आहे. त्यात ट्रिगर, म्हणजे धोक्याची खूण, पेटण्याची आणि विझण्याची अट वेगवेगळी लिहिता येते. आमची खूण ३२ ला पेटते आणि २७ ला विझते. पेटली की स्क्रिप्ट कमी गरजेची मशीनं बंद करू लागते. पण दोन सेन्सरांत चार अंशांहून जास्त फरक पडला तर स्क्रिप्ट एकही मशीन बंद करत नाही, ‘माहीत नाही’ म्हणून माणसाला कळवते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दुपारी अडीचला मुद्दाम एसी बंद करून खोलीत उभे राहिलो. चौदाव्या मिनिटाला आकडा ३२ च्या वर गेला. तो तीनदा लागोपाठ तसाच आल्यावर आधी टेस्टिंगची मशीनं बंद झाली, मग रिपोर्टची. डेटाबेस चालू राहिला. एसी लावल्यावर पारा ३१ ला आला, ३० ला आला, तरी बंद मशीनं तशीच राहिली. सोबतचा मुलगा म्हणाला, “दादा, स्क्रिप्ट अडकली का?” मी त्याला थांब म्हटलं. २७ झाले आणि पहिल्या मशीनचा पंखा फिरू लागला.