कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन

जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) यांची तीन अंकी सुखात्मिका. लेखन १८९९, ‘थ्री प्लेज फॉर प्युरिटन्स’ (१९०१) या संग्रहात समाविष्ट. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर गलबत हाकणारा कप्तान ब्रासबाउंड आईवरील अन्यायाचा सूड घेण्यासाठी आपल्या न्यायाधीश चुलत्याला, सर हॉवर्ड हॅलम यांना, अ‍ॅटलास डोंगरात नेऊन एका शेखच्या स्वाधीन करू पाहतो. हॅलम यांच्यासोबत असलेल्या त्यांच्या नातलग लेडी सिसिली हा बेत उलटवतात. त्या धाक दाखवत नाहीत, उपदेशही करत नाहीत. दुसऱ्या अंकात कप्तान सुडाची भाषा बोलत असताना त्या त्याच्या कोटाची फाटकी बाही शिवत बसतात. नाटकाचे मर्म या प्रसंगात आहे.

पहिल्या प्रयोगाचे साल कुठे १८९९, तर कुठे १९०० दिलेले आढळते. ऑक्टोबर १८९९ मध्ये लिव्हरपूलला झालेला प्रयोग केवळ लेखनाधिकार राखण्यापुरता होता. लंडनच्या स्टेज सोसायटीने डिसेंबर १९०० मध्ये केलेला प्रयोगच पहिला धरणे अधिक योग्य.

सिसिलीचे मूळ कोण, हा अभ्यासकांच्या आवडीचा प्रश्न आहे. नातवंड झाल्यावर आता आपल्यासाठी कोणी नाटक लिहिणार नाही, असे अभिनेत्री एलेन टेरी म्हणाल्या आणि त्यावरून हे नाटक जन्माला आले, अशी हकीकत खुद्द शॉ यांनी सांगितली आहे. दुसरीकडे, पश्चिम आफ्रिकेत फिरलेल्या मेरी किंग्जली यांच्या प्रवासवर्णनाकडे शॉ यांनीच टेरींचे लक्ष वेधले होते. भूमिका टेरींसाठी बेतली, पण अनोळखी मुलखात निर्धास्त वावरण्याची रीत किंग्जलींकडून आली, असे मानणे सयुक्तिक वाटते. टेरींना नाटक आधी रुचले नाही. त्यांनी ते लंडनच्या कोर्ट थिएटरात १९०६ मध्ये केले. मोरोक्कोचा तपशील मुख्यतः स्कॉटिश लेखक कनिंगहॅम ग्रॅहम यांच्या प्रवासवृत्तावरून घेतला आहे. ग्रॅहम यांना तेथील एका ‘कैद’ने (स्थानिक अधिकाऱ्याने) १८९७ मध्ये अडकवून ठेवले होते.

पहिला आणि तिसरा अंक घडतो ते मोगादोर (आजचे एस्सौइरा) गोमंतकीय वाचकाला अगदीच परके नाही. पोर्तुगिजांनी तेथे १५०६ मध्ये किल्ला उभारला आणि १५१० मध्ये, म्हणजे गोवा जिंकला त्याच वर्षी, तो गमावला. घरातला कर्ता पुरुष वारल्यावर दूरच्या मिळकतीवर मुखत्याराने बसावे आणि विधवेने दारोदार फिरावे, ही ब्रासबाउंडच्या आईची कथाही तारवटी (जहाजांवर नोकरी करणारे) आणि आफ्रिकावाले (तिकडे कामासाठी गेलेले) घरोघर असलेल्या गोव्यात कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

ड्रिंकवॉटर या खलाशाची लंडनी बोली शॉ यांनी उच्चारानुसार लिहिली आहे आणि टिपांत तिची सविस्तर चर्चा केली आहे. मराठीकरणात खरी कसोटी येथेच लागेल. शॉ यांच्याच ‘पिग्मॅलियन’च्या बाबतीत ती ‘ती फुलराणी’ने (१९७५) यशस्वीपणे पार पाडली. या पात्रासाठी गोव्याच्या बंदरावरची कोंकणीमिश्रित मराठी वापरून पाहण्याजोगी आहे. उत्सवांतून पौराणिक व संगीत नाटके पाहत आलेल्या गोमंतकीय मराठी प्रेक्षकाला यातील लांब संवाद मात्र थोडे छाटूनच द्यावे लागतील.

उत्तरकालीन प्रयोगांत इंग्रिड बर्गमन यांची सिसिली (लंडन, १९७१) उल्लेखनीय.