खिडकीतले ३८ साक्षीदार

'किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून होताना ३८ शेजारी अर्धा तास खिडकीतून बघत राहिले, एकानेही पोलिसांना कळवलं नाही.' १९६४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलेली ही गोष्ट पुढे 'गर्दीत मदत मिळत नाही' या सिद्धांताचं उदाहरण म्हणून मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथेच मुरली.

प्रत्यक्षात हल्ले दोन झाले. पहिल्या वेळी एक शेजारी वरून ओरडला, हल्लेखोर पळाला. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्यापाशी आत झाला. तो खिडक्यांतून दिसणंच शक्य नव्हतं. बहुतेकांनी पाहिलं काहीच नाही, फक्त ओरडणं ऐकलं. एक शेजारीण तर धावत खाली गेली, किटीला तिने कुशीत धरलं. बातमी सदोष होती हे 'टाइम्स'नेच २०१६ मध्ये मान्य केलं.

मग तो सिद्धांतही खोटा? नाही, कारण तो बातमीवर उभाच नाही. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोग केला. विद्यार्थी एकटा खोलीत, संवाद इंटरकॉमवर. अचानक पलीकडच्याला फिटचा झटका येतो. (तो आवाज टेपवरचा, हे विद्यार्थ्याला ठाऊक नाही.) ऐकणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. बाकी सगळं तेच, बदलला तो केवळ ऐकणाऱ्यांचा आकडा. कार्यकारण दाखवायचं तर हेच लागतं, किस्सा कितीही थरारक असो.

अर्थात प्रयोगातली माणसं एकमेकांना पाहू शकत नव्हती, रस्त्यावर ती पाहतात. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रीकरण तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ ठिकाणी कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं.