झाड निवडण्याआधी खिडकी बघा
(ठाण्यातल्या ग्राहकांसाठी आमच्या नर्सरीचं माहितीपत्रक)

नर्सरीत येणारे बरेच जण फोनवर एक फोटो पुढे करतात. पांढरी भिंत, सोफ्याशेजारी भल्यामोठ्या पानांचं झाड. "अगदी हेच हवंय." आम्ही विचारतो, सोफ्यापासून खिडकी किती लांब आहे आणि ती कुठल्या दिशेला उघडते? काहींना हा प्रश्न आवडत नाही. पण महिन्याभराने तेच झाड पिवळं पडून परत आलेलं आम्हालाही आवडत नाही.

खोली आपल्याला उजेडाची वाटते, कारण डोळा सावरून घेतो. झाडाला तसं जमत नाही. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की उजेड कित्येक पटींनी घटतो. घरी एक साधी परीक्षा करा. दुपारी बाराच्या सुमारास, जिथे झाड ठेवायचं तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्वच्छ दिसल्या तर अरेका पाम, रबर प्लांट, क्रोटन यातलं काहीही न्या. सावली पुसट असेल तर मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, अग्लोनिमा. सावली पडतच नसेल तर स्नेक प्लांट किंवा झीझी काही महिने तग धरतील, पण वाढणार नाहीत. तिथे एखादं चित्र लावलंत तर आमची हरकत नाही.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर समोरच्या घराची भिंत खिडकीला भिडलेली असते. घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर येऊरच्या डोंगराकडे उघडणारी खिडकी असली, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतरचं ऊन पानं अक्षरशः भाजतं, शिवाय वाऱ्याने माती दिवसात कोरडी होते. मैत्रिणीकडे छान वाढलेलं झाड तुमच्याकडे रुसतं ते यामुळे. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा लावा किंवा कुंडी हातभर आत घ्या.

आता सजावटीबद्दल. दहा छोट्या कुंड्या घरभर विखुरण्यापेक्षा हॉलच्या एका कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढं एकच झाड जास्त शोभतं, आणि त्याची देखभालही होते. आमच्या मते यासाठी रबर प्लांटसारखं दुसरं नाही. मूळचं ईशान्य भारताकडचं झाड. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल याच्याच मुळांचे. त्याची जाड, काळपट हिरवी पानं फिकट रंगाच्या भिंतीपुढे उठून दिसतात, फक्त पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसायला हवीत. मनीप्लांट जमिनीवर ठेवू नका. पुस्तकांच्या कपाटावरून खाली सोडा, नाहीतर मॉस स्टिकवर (शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेल्या काठीवर) चढवा. वर चढताना त्याची पानं मोठी होत जातात. सिरॅमिकचा किंवा पितळी पॉट हवा असेल तर रोप त्यात थेट लावू नका. भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत रोप राहू द्या आणि ती कुंडी शोभेच्या पॉटमध्ये बसवा. पाणी घालताना बाहेर काढता येते, पॉटवर डागही पडत नाहीत. (लकी बांबू हा बांबू नव्हे, ड्रॅसिना आहे. नशिबाची हमी आम्ही देत नाही.)

आमची बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. तिथे ती हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. तुमच्या घरात आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चार-पाच पानं गाळतील. घाबरून लगेच कुंडी बदलू नका, खत तर मुळीच घालू नका.

घरातली झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. "रोज एक ग्लास" हा नियम विसरा. बोटाची दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नाही. स्नेक प्लांट आणि झीझीची माती मात्र पूर्ण सुकू द्या. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात त्याचा पाण्याचा साठा असतो. नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, म्हणून आम्ही तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू मिसळून देतो. जून ते सप्टेंबर हवा ओली आणि उजेड कमी, तेव्हा पाणी निम्म्यावर आणा.

पावसाळ्यात कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा रिकामी करा, आणि नुसती ओतू नका, घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी थाळीच्या कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणीही तितक्याच वेळा बदला. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवातीला ओल्या कापसाने पुसून निघतो, मग निंबोळी तेल फवारा.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर आधी सांगा. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, डायफेनबाकिया ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चं अळू घशाला खाजतं तेच कारण इथेही आहे: पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. डायफेनबाकिया चावला तर तोंड सुजतं, म्हणून अशा घरात आम्ही तो देतच नाही. अरेका पाम निर्धोक.

"हवा शुद्ध करणारी झाडं" अशी पाटी आमच्याकडे दिसणार नाही. हा दावा ज्यावरून पसरला तो नासाचा 1989 चा प्रयोग बंदिस्त पेटीत झाला होता. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतकं काम झाडांकडून हवं असेल, तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं 2019 च्या एका आढाव्यात निघालं. हवेसाठी खिडकी उघडा.

मे महिन्यात गावी जाताना कुंड्या खिडकीपासून थोड्या आत, एकमेकींना चिकटवून ठेवा आणि निघायच्या दिवशी भरपूर पाणी द्या. स्नेक प्लांट आणि झीझीला यातून वगळा, ती तीन आठवडे सहज काढतात. शेजारच्या काकूंकडे चावी देत असाल तर त्या दोघांना पाणी घालू नका, एवढं त्यांना नक्की सांगा. काकू प्रेमाने रोज घालतात.